काकांचं नाव लिहिणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि तुमच्या कॉलेजचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. ते पाळतो आहे. पण पत्र मात्र उघडच लिहिणार आहे. तालुक्याच्या गावी अनुदानावर चालणारी आमच्यासारखी ग्रंथालयं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आम्हाला जे ऐकवलं गेलं ते उद्या त्यांच्यापैकी कुणालाही ऐकवलं जाऊ शकतं.

आम्हाला ऐकवलं गेलं ते असं. ज्यांनी आमच्या ग्रंथालयात सॉफ्टवेअर बसवलं, त्यांच्या मते ते 'त्यांचं' होतं. पडद्यावर त्यांचा लोगो, त्यांनी दिलेलं नाव आणि खाली सर्व हक्क राखीव. वाचक ज्या पानावर पुस्तक शोधतात त्या पानावरचं अक्षर थोडं मोठं करून द्या म्हटलं, तर वेगळं कोटेशन आलं. आम्हीच करतो, पासवर्ड द्या म्हटलं, तर "सोर्स कोड कंपनीची मालमत्ता आहे" असं उत्तर. सोर्स कोड म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ लिखित मजकूर. मशीन आमच्या कपाटात, पुस्तकांच्या नोंदी आमच्या, आणि पासवर्ड त्यांच्या खिशात! गावातल्या जाणकार म्हणवणाऱ्यांना विचारलं, तर ते खांदे उडवून मोकळे झाले. फुकटच्या सॉफ्टवेअरला कसले आलेत नियम, म्हणाले.

तुम्ही फोनवर पहिलाच प्रश्न विचारलात, "हे कोहा आहे का?" कोहाच होतं, म्हणजे ग्रंथालयांसाठीचं, सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर. नुसता रंग बदललेलं.

पुढचा तांत्रिक खटाटोप इथे लिहीत नाही. नवीन मशीनवर स्वच्छ कोहा बसलं, नोंदी सुखरूप आल्या, एवढं पुरे. लिहायचं आहे ते तुम्ही काम करता करता जे समजावून सांगितलंत त्याबद्दल.

कोहा जन्मलं १९९९ साली, न्यूझीलंडमध्ये. होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल की नाही, अशी धास्ती होती. त्यांनी कातिपो नावाच्या एका छोट्या कंपनीकडून नवीन प्रणाली लिहून घेतली आणि ती स्वतःपुरती ठेवली नाही. जीपीएल, म्हणजे सॉफ्टवेअर कुणालाही वापरू, बदलू आणि वाटू देणारं लायसन्स, त्याखाली सगळ्यांना खुली करून दिली. "तीही तुमच्यासारखीच लहान गावांची ग्रंथालयं होती," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आमचे कार्यवाह खुर्चीतून पुढे सरकून बसले. इतकी वर्षं आपण कुणा मोठ्या कंपनीचं काहीतरी भाड्याने वापरतोय असंच त्यांना वाटत होतं.

जीपीएल तुम्ही ज्या सोप्या शब्दांत सांगितलंत तसं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या ग्रंथालयात वापरण्यापुरते रंग बदला, लोगो लावा, पानाची मांडणी उलटीपालटी करा, कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला काही द्यावंही लागत नाही. बंधनं सुरू होतात ती बदललेली प्रत दुसऱ्याच्या हातात देताना. सोबत सोर्स द्यायचा, लायसन्सची प्रत द्यायची, आपण काय बदललं आणि केव्हा ते नोंदवायचं, मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या आणि घेणाऱ्यावर आपली वेगळी बंदी घालायची नाही. म्हणजे आमच्या कपाटातल्या मशीनवर कोहा बसवून दिलं त्याच दिवशी सोर्स मागण्याचा हक्क आम्हाला मिळाला होता. तो मागितला म्हणून आम्ही बोलणी खाल्ली. फायलींच्या डोक्यावरच्या, जगभरच्या माणसांची नावं असलेल्या ओळी खरडून तिथे स्वतःचं नाव टाकलेलं तुम्ही आम्हाला उघडून दाखवलंत. ते पाहून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

आणि तरीही तुम्ही त्या लोकांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत. "पैसे घेतले यात काहीच गैर नाही, मेहनतीचे घ्यावेतच, लायसन्सची त्याला ना नाही," असंच म्हणालात. कार्यवाहांनी पानाच्या तळाशी असलेल्या कोहाच्या नावाबद्दल विचारलं, तेव्हाही तुम्ही उगाच भीती घातली नाहीत. ती ओळ लपवायची सोय कोहामध्येच आहे, हवं तर लपवा, नियम मोडत नाही, असं सरळ सांगितलंत. मग कार्यवाह आपणहून म्हणाले, "राहू द्या ती." बंधन कुठे संपतं हे इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं, की पुढचं माणूस आपल्या मनाने करतो. हे मी त्या दिवशी पाहिलं.

मराठी अक्षरांसाठी तुम्ही 'मुक्त' नावाचा फॉन्ट निवडलात. फॉन्ट तयार करणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेला आहे. त्याची लायसन्सची फाइलही तुम्ही त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत. ती वाचकाला कधी दिसणारही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती. कोहामध्ये आपली सीएसएस, म्हणजे पानाचे रंग, अक्षरं आणि मांडणी ठरवणाऱ्या सूचना, टाकायला वेगळी जागा असते, तिथे टाकलं की मूळ फायलींना हात लागत नाही आणि अपग्रेड करताना आपलं काम पुसलं जात नाही. ती सीएसएस लिहून झाल्यावर तुम्ही वरती बदलांची नोंद करत होतात. तारीख, ग्रंथालयाचं नाव, काय बदललं. मध्येच थांबून विचारलंत, "अक्षर मोठं करा, ही सूचना मुळात कुणाची?" मी म्हटलं, आमच्या काकांची. देवघेवीच्या काउंटरवर बसतात. म्हातारे वाचक डोळे बारीक करून पडद्याजवळ जातात, ते त्यांनीच पाहिलं होतं. "त्यांचं पूर्ण नाव सांगा," म्हणालात, आणि ते त्या नोंदीत लिहिलंत.

लायसन्स एवढं मागत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत. बाहेर कुणाला द्यायची नसेल तर ती नोंदसुद्धा सक्तीची नाही. पण जिथे आधीच्या माणसांनी शेकडो नावं पुसली होती, तिथे तुम्ही आमच्या काकांचं नाव घातलंत. काकांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे न्यूझीलंडवाल्यांना दिसतं का?" ग्रंथालयाच्या तुटपुंज्या मानधनावर सगळं आयुष्य काढलेला माणूस. वार्षिक अहवालातसुद्धा त्यांचं नाव कधी छापून आलं नव्हतं. ते यंदापासून येईल, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे.

ताई, चांगली माणसं मदत करतात हे खरं, पण मदत करून समोरच्याला लहान न करणारी फार थोडी. तुम्ही आम्हाला अडाणी ठरवलं नाहीत, उपकाराची भाषा वापरली नाहीत, आणि जाताना प्रत्येक पासवर्ड आमच्याच वहीत, आमच्याच हाताने लिहायला लावलात. आमचं आमच्या हवाली केलंत. त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून घडलं ते तसंच लिहिलं.

एक काम आहे. शेजारच्या तालुक्याच्या ग्रंथालयाला आपली थीम हवी आहे. आता बाहेर द्यायची म्हणजे सगळी बंधनं लागू, हे लक्षात आहे. सीएसएस, बदलांची नोंद काकांच्या नावासकट, फॉन्ट आणि त्याचं लायसन्स, जीपीएलची प्रत, असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं आहे. आणखी काही लागत असेल तर सांगा. त्यांनी तुमचा फोन नंबरही मागितला आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. देऊ का?

आपला कृतज्ञ,
ग्रंथपाल