मैना, मी आणि चाळीस किलोमीटर

इंदापूर,
१८ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

मागे फोनवर तू म्हणालास, "पळतो तो घोडा, तू नुसता वर बसतोस. दमायचं काय त्यात?" परवा माझ्या मैना घोडीवर बसून चाळीस किलोमीटरची स्पर्धा उरकून आलोय, मांड्या भरून आल्यात, जिना चढवत नाही. आता ऐक.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो, घरच्यांनाही नीट सांगितलेलं नाही. तुझ्या सायकलीसारखाच हिशेब मांडला होता: ताशी बारा किलोमीटर, म्हणजे साडेतीन तासांत काम फत्ते. पहाटेचा गारवा होता, पुढची घोडी दिसली की मैना लगाम खेचायची. मीही सोडली तिला. कालव्याकडेच्या मऊ वाटेवर दुडकी सोडून चौखूर! विसाव्या किलोमीटरला घोड्यांच्या डॉक्टरांची तपासणी झाली, तर मैनेच्या हृदयाचे ठोके ७६. निवांत उभ्या घोड्याचे मिनिटाला ३०-४० असतात, आणि तपासणीत ठरलेल्या वेळेच्या आत ते ६४ वर यावे लागतात. पाणी मारलं, सावलीत फिरवलं, ७० च्या खाली येईनात. बाद. डॉक्टर रागावले नाहीत. मैनेच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच सपाट होईना. "पाणी कमी पडलंय हिला," एवढंच म्हणाले. खोगीर उतरवताना तिच्याकडे बघवेना.

यंदा घड्याळ बघायचं ते फक्त पाणी पाजायच्या वेळेसाठी, असं ठरवलं. पहिले तीन किलोमीटर नुसती चाल. सगळे पुढे गेले, मैनेने चिडून मान झाडली, मी ढिम्म. मग दुडकी. दुडकीत आपण उठबस करतो ना, ती नेहमी पायांच्या एकाच तिरक्या जोडीवर पडली तर घोड्याची पाठ एकीकडून ओढली जाते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बैठक बदलत गेलो. डांबरी रस्ता लागला की पुन्हा चाल, कारण तिथे प्रत्येक टाप थेट पायात बसते. नांगरलेल्या काळ्या रानात तर आणखी हळू, ढेकळांत स्नायुबंध दुखावतात. ओढ्याच्या उतारावर सरळ घोडीवरून खाली उतरलो आणि लगाम धरून चालत गेलो. तुझ्या "नुसता बसतोस"चं उत्तर तिथे आहे बघ.

एका वळणावर धनगरांचं बिऱ्हाड भेटलं. भीमेकाठच्या भीमथडी जातीच्या तट्टांवर खाटा, भांडी, कोंबड्या लादलेल्या. तीच तट्टं, ज्यांच्या जोरावर मराठ्यांच्या फौजा मजल दरमजल करत फिरल्या! त्यांच्यातल्या आजोबांनी मैनेच्या नाकपुड्या बघितल्या, म्हणाले, "ऊन चढतंय, आधी पानी दावा." पाणी दाखवलं तर ती बादलीभर प्याली. मला वाटलं होतं, तिला तहान नाही. घोड्याच्या घामातून आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ जातं, त्यामुळे कोरडा पडूनही तो कधीकधी पाणी मागत नाही. तेव्हापासून तिच्या चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, मीठ घालतोय.

तिसाव्या किलोमीटरला एक पोरगा भरधाव पुढे गेला. माझ्याही टाचा शिवशिवल्या. तो पहिल्या पाचांत आला आणि तपासणीतही पास झाला, कारण त्याच्या घोड्याला ते झेपणारं होतं. मैनेला नसतं झेपलं, एवढंच.

खरी युक्ती शेवटच्या दोन किलोमीटरात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, सैल केला, खाली उतरलो आणि तिच्या बाजूने चालत आलो. ठोके तिथेच उतरायला लागतात. सगळं मिळून पावणेपाच तास लागले, शेवटून तिसरा नंबर. पण ठोके ५२, आणि डॉक्टरांसमोर दुडकीत पळवून दाखवली तेव्हा एकाही पायात लचक नाही.

संध्याकाळी तोंडाला चंदीची पिशवी, म्हणजे तोबरा, लावला तर चंदी संपवून माझ्या खिशात तोंड घालत होती.

तू मार्चमध्ये येणार आहेस ना? सायकल नको आणूस, गाजरं आण.

तुझा,
दादू