वावर विकू नका, बाबा

सिडको, नाशिक

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी अर्धा एकर काढायचा विषय काढला आणि मी गप्प झाले. रागावले नव्हते. बोलले असते तर रडू आलं असतं आणि चिऊ शेजारीच बसली होती. म्हणून लिहितेय.

बाबा, वावर विकायचं नाही. छाटणी होऊन बाग आता कुठे फुटतेय. माझ्या पोटगीच्या केसमधल्या वकिलाच्या फीसाठी तर अजिबात नाही. सीबीएस स्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथून मला मोफत वकील मिळालाय. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. मला हे आधी कळलं असतं तर तुमचे पंधरा हजार वाचले असते, त्याचं फार वाईट वाटतं.

"पोरगी ठेव, पोटगी सोड" हा सासरचा निरोप तुम्हाला बरा वाटला, कारण चिऊ जाईल ही भीती. पारावर कुणीतरी सांगितलं, पाच वर्षं भरली की मूल बापाचं. आई, तू तर तिच्या वाढदिवसाचे महिने मोजत बसली आहेस. असा कायदा नाही गं. १९५६ च्या पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाच झाली की आपोआप बापाकडे, असं त्यात कुठेच नाही. पाचच्या आत काय नि बाहेर काय, कोर्टाने पाहायचं ते लेकराचं हित. तिची शाळा इथे आहे, रात्री ताप आला की ती हाक मला मारते, हे सगळं तिथे सांगता येतं.

पोटगी फक्त माझी असती तर कंटाळून सोडलीही असती. चिऊच्या वाट्याचं मी कसं सोडू? मी सही करून दिली तरी तिचा हक्क संपत नाही. आणि "तू कमावती आहेस ना" हे ऐकून आता कान किटले. अंबडच्या कंपनीत हातात १८,००० येतात, त्यातले ६,००० खोलीला. माझ्या पगाराने बापाची जबाबदारी फिटत नाही.

बाबा, तारखांवर तारखा पडतील हे तुमचं खरं आहे. पण २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची, आणि नवरा-बायको दोघांनीही कमाई, मालमत्ता, कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. म्हणजे चिऊच्या वडिलांना "मला काम नाही" एवढं म्हणून सुटता येणार नाही. पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. आदेश होऊनही पैसे थकवले तर तुरुंगाची तरतूद आहे. त्यांनी तुरुंगात जावं असं मला वाटत नाही. महिन्याच्या महिन्याला चिऊचा खर्च यावा, बस.

बाल संगोपन योजनेचाही अर्ज भरलाय. मंजूर झाला तर महिना २,२५० मिळतील. तो भीक मागितल्यासारखा वाटतो असं आई म्हणालीस. मला तसं वाटत नाही. सरकारने ती योजना चिऊसारख्या मुलांसाठीच काढली आहे.

बापाला भेटू देणार का, हेही तू हळूच विचारलंस. देणार. ती त्यांची वाट बघते, दारात चप्पल वाजली तरी पळत जाते. भेटीचा वार कोर्टाकडून ठरवून घेऊ, म्हणजे दर वेळी नवी भांडणं नकोत.

पुढच्या बुधवारी तारीख आहे. आदल्या दिवशी दोघंही या. ग्रामपंचायतीतून चिऊच्या जन्मदाखल्याच्या दोन प्रती घ्या, आणि लग्नातल्या दागिन्यांच्या पावत्या लोखंडी पेटीत, बाबांच्या फेट्याखाली आहेत, त्या आठवणीने आणा. एसटीत गर्दी असते, सकाळचीच गाडी धरा. मी स्टँडवर येते.

तुमची,
ताई