गॅस घरोघर पोहोचला, दुरुस्ती शिकवायची कोणी?

प्रति,
मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गॅस गिझर दुरुस्तीचं प्रशिक्षण पेटत्या बर्नरवर देण्याबाबत, ते जमत नसेल तर निदान प्रमाणपत्रं वाटणं थांबवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो. वीसेक वर्षं गॅस गिझर आणि शेगड्या दुरुस्त करून पोट भरतो. आपला वेळ मोलाचा आहे याची कल्पना आहे, तेव्हा लांबण लावणार नाही असं ठरवून बसलो आहे. जमेल असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याच भागात एक कॉलेजातली मुलगी आंघोळीला गेली आणि आतच कोसळली. आईने दार वाजवलं, शेजाऱ्यांनी कडी तोडली. पोरगी वाचली, देवाची कृपा. आता तिच्या न्हाणीघरातल्या गिझरवर माझा स्टिकर होता. नाव, मोबाइल नंबर, 'सर्व प्रकारचे गॅस गिझर रिपेअर करून मिळतील'. दुपारी चौकीतून फोन आला. गेलो. हवालदारांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मिस्तरी, लायसन दाखव."

साहेब, काय दाखवणार? विजेचं काम करणाऱ्याला वायरमनचा परवाना असतो. सरकार परीक्षा घेतं, कार्ड देतं. म्हणजे विजेच्या गिझरची वायर ओढायला परवानेवाला माणूस लागतो, आणि न्हाणीघरात आग पेटवणाऱ्या गिझरला मात्र कोणीही हात लावावा. गॅस गिझर खोलणाऱ्याला द्यायचा परवाना या राज्यात मी तरी कुणाकडे पाहिला नाही. मी तसं सांगितलं. हवालदार म्हणाले, मग धंदा बेकायदेशीर आहे का? म्हटलं, कायदाच नाही तर बेकायदेशीर कसा होईल? हे त्यांना उद्धटपणाचं वाटलं. अंधार पडेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. चहा मिळाला, तो माझ्याच पैशांनी.

त्या गिझरचं नंतर काय निघालं ते सांगतो, कारण ते कुणी कागदावर लिहून घेतलं नाही. मी तो गिझर मागच्या पावसाळ्याआधी साफ केला होता. नंतर कुणीतरी दुसऱ्याने तो उघडला होता. 'पाणी कमी तापतं' अशी तक्रार असणार. खरं तर कॉइलमध्ये, म्हणजे ज्या नळीत पाणी तापतं तिच्यात, क्षार साचले होते. आमच्याकडे बोअरचं पाणी, वर्षभरात कॉइलला आतून पांढरा थर बसतो. तो ॲसिड वॉशने काढायचा असतो. त्याने काय केलं, तर जेटमध्ये, म्हणजे गॅस ज्या बारीक भोकातून बर्नरला येतो त्यात, सुई घालून भोक मोठं केलं. ज्योत मोठी दिसली, गिऱ्हाईक खूश, दोनशे रुपये खिशात. पण गॅस वाढवला तरी हवा तेवढीच राहते. मग गॅस पुरता जळत नाही, ज्योत निळीची पिवळी होते, वर कॉइलच्या पात्यांवर काजळी धरते, काजळीने धूर बाहेर पडायची वाट बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यात थंडी म्हणून घरच्यांनी झरोक्याला पुठ्ठा लावलेला. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशिककर पहिल्यांदा झरोके बंद करतात, हे मला पाठ आहे.

त्या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो, कारण त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. जळून निर्माण झालेल्या या विषाला कोण वास लावणार? आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला चिकटतं. डोकं जड होतं, पाय लटके पडतात, कडीपर्यंत हात जात नाही. मुलीची आई मला सारखी म्हणत होती, "दादा, गॅसचा वास आला असता तर आम्ही लगेच दार उघडलं असतं हो." तिला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. गिझर विकणाऱ्याने नाही, बसवणाऱ्याने नाही, सिलिंडर देणाऱ्याने नाही.

जेटमध्ये सुई घालणारा तो पोरगा मला सापडला. मारायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. वीस-एकवीस वर्षांचा. त्याने मोबाइलमधलं प्रमाणपत्र काढून दाखवलं. सरकारमान्य केंद्राचं. फोटो, क्यूआर कोड, श्रेणी 'अ'. आणि साहेब, हे तेच केंद्र, जिथे माझा सख्खा भाचा शिकून आला आहे.

आता इथून पुढे माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

भाच्याला मीच म्हटलं होतं, बाबा, मी मिस्तरीच्या हाताखाली शिव्या खात शिकलो, तू रीतसर शीक. उद्घाटनाला मोठी माणसं आली होती. 'हाताला काम, कामाला दाम' वगैरे भाषणं झाली, कोर्स संपला की नोकरीची हमी, टूलकिट मोफत असं माइकवर सांगितलं. प्रशिक्षण फुकट, पण गणवेश आणि कागदपत्रांचे म्हणून दीड हजार घेतले, पावती नाही. टूलकिटमध्ये काय आलं? एक टेस्टर, एक पक्कड, एक टी-शर्ट. टेस्टर विजेचा आहे, हे आपण लक्षात घ्यावं.

वर्गात पडद्यावर गिझरची चित्रं. भिंतीवर एक खरा गिझर होता, पण त्याला ना पाण्याची जोडणी, ना गॅसची. विचारलं तर म्हणाले, सुरक्षेच्या कारणास्तव. म्हणजे गॅसचं काम शिकवणाऱ्या जागेत गॅस नको! वडापावचा फोटो दाखवायचा आणि पोट भरलं म्हणून सही घ्यायची, त्यातली गत. परीक्षेला कुणीतरी साहेब आले, टॅबवर चार पर्यायांतला एक निवडा, ग्रुप फोटो, टाळ्या, संपलं. सगळे पास. आजवर तिथे कोणी नापास झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर मी भाच्याला साधा प्रश्न घातला. नळ सोडला, स्पार्क आला, ज्योत पेटली आणि पाच-सात सेकंदांत विझली. काय बघशील? तो म्हणाला, "मामा, सेल बदलीन." अरे, सेल उतरले असते तर स्पार्कच धड आला नसता! ज्योत पेटून विझते म्हणजे ज्योत आहे हे गिझरला कळत नाही. सेन्सरची पिन बघ, तिच्यावर काजळी बसली असेल किंवा ती ज्योतीच्या बाहेर वाकली असेल. पॉलिश पेपरने पुसायची, जागेवर आणायची. तेही ठीक असेल तर खोलीतल्या हवेकडे बघ. आणि स्पार्कच येत नसेल तर आधी दोन सेल, मग पाण्याचा दाब, मग डायफ्रॅम, म्हणजे पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा, फाटलाय का, त्याची काडी मायक्रोस्विचला दाबतेय का. हा क्रम आहे. हा क्रम हातात बसायला पेटता गिझर लागतो, तो मुद्दाम बिघडवून पोरांपुढे ठेवावा लागतो आणि शेजारी ओरडणारा मिस्तरी लागतो.

क्रम येत नाही तो काय करतो, तेही ऐका. मायक्रोस्विचच्या दोन वायरी थेट जोडून टाकतो. गिझर चालू होतो, सगळे खूश. पण ती काडी आणि तो स्विच असतो कशासाठी? पाणी वाहत नसेल तर गॅस पेटू नये यासाठी. वायरी जोडल्या की कोरड्या कॉइलखाली आग. वर जास्त तापल्यावर बंद करणारा सेन्सरही पुष्कळदा 'सारखा ट्रिप होतो' म्हणून काढून टाकलेला. असे गिझर मी दर हिवाळ्यात बघतो. नाशिकमध्ये गॅस गिझर किती असतील? मी म्हणतो लाखभर. जास्तही असतील. मोजलेत कुणी? मी उघडलेल्या शंभरातले साठ-सत्तर तरी न्हाणीघराच्या आत टांगलेले आहेत, तेही सिलिंडरच्या नळीला टी मारून. माझा आकडा खोटा वाटत असेल तर सरकारने आपला काढावा, मी माफी मागतो.

आणि आता पाइपचा गॅस येतोय. चांगलंच आहे, सिलिंडर उचलून माझी कंबर गेली. पण पाइपच्या गॅसचा दाब घरात 21 मिलीबार, सिलिंडरचा रेग्युलेटरमधून 30 च्या आसपास. दोन्हींचे जेट वेगळे, पाइपच्या गॅसचं भोक मोठं. पाइपच्या गॅसचा गिझर भाड्याचं घर बदलताना लोक सोबत नेतात आणि तसाच सिलिंडरला जोडतात. मग भडका. गळती शोधायची रीतही बदलते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, छताकडे जातो. माझ्या भाच्याच्या पुस्तकात दोन्हीसाठी एकच ओळ आहे : 'गळती आढळल्यास तज्ज्ञास बोलवावे.' अहो, तज्ज्ञ तोच आहे ना! प्रमाणपत्र त्यालाच दिलंय!

आमच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो सांगतो, तिथे गॅस सेफ नावाची नोंदणी आहे, 2009 पासून. नोंदणी नसताना गॅसच्या कामाला हात लावणं गुन्हा. माणूस घरी आला की कार्ड दाखवतो, कार्डाच्या मागे तो काय काय करू शकतो ते लिहिलेलं असतं, शेगडी वेगळी, बॉयलर वेगळा. दर 5 वर्षांनी पुन्हा परीक्षा. घर भाड्याने देणाऱ्याला दरवर्षी तपासणी करून घ्यावीच लागते. माहीत आहे, आपण म्हणाल ते थंड देश, श्रीमंत देश. मग गिझर तरी गरीब देशासारखे विकू नका. वायू नाशिकच्या माणसाला सवलत देत नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता, की अशा कोर्समध्ये पेटत्या गॅसवर किती तास प्रात्यक्षिक व्हायला हवं. उत्तर आलं : सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. दुसरीकडे पाठवला, त्यांनी पहिल्याकडे पाठवला. ते टपाल अजून फिरत असेल.

मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत असं आपण समजू नका. 2015 साली स्किल इंडिया सुरू झालं तेव्हा 2022 पर्यंत 40 कोटी लोकांना कौशल्य देणार म्हणाले होते. 2022 गेलं. पुढे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात काय आलं, तर लाखो प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, नाहीतर रकाना कोराच. म्हणजे शिकवलं कुणाला हेच सांगता येईना. 2016 पासून गरीब घरांना उज्ज्वला योजनेच्या गॅस जोडण्या दिल्या, आकडा 10 कोटींच्या वर गेला, फोटो छापले. त्या 10 कोटी शेगड्यांची नळी दर 5 वर्षांनी बदलायला, जेट साफ करायला माणसं किती तयार केली? जोडणीचा फोटो निघतो, दुरुस्तीचा निघत नाही, एवढीच गोष्ट आहे. पूल बांधताना नारळ, पडल्यावर समिती. शाळा बांधताना कोनशिला, गळायला लागल्यावर मुख्याध्यापकाने वर्गणी काढायची. या राज्यात नवं बसवणाऱ्याला मान आहे, जुनं चालू ठेवणाऱ्याला 'ए मिस्तरी'. आयटीआयमध्ये फिटर आहे, वायरमन आहे, फ्रिज-एसीवाला आहे, प्लंबर आहे. आम्ही गॅसवाले कुणाच्या पंगतीत बसत नाही.

स्टिकर लावायचं मी आता बंद केलंय. बायको म्हणते धंदाच बंद कर, पोरीचं लग्न व्हायचंय, चौकीत बसलेला बाप कुणाला हवा. रात्री झोप लागत नाही. कुठल्या घरात माझ्यानंतर कुणी काय केलं असेल, या विचाराने फोन वाजला की छातीत धस्स होतं. आणि भाचा? तो आता जेवणाचे डबे पोहोचवतो. श्रेणी 'अ'.

मागणं फार नाही. प्रत्येक केंद्रात चालू गॅस, चालू पाणी, भिंतीला भोक असलेली हवेशीर खोली, सिलिंडरचा एक आणि पाइपच्या गॅसचा एक गिझर, कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक यंत्र. शिकवायला हात काळे झालेला एक तरी माणूस. परीक्षेत बिघडवलेला गिझर, टॅब नाही. नापास करायची मुभा. आणि पास होईल त्याला कार्ड, म्हणजे चौकीत दाखवायला काहीतरी असेल. मलाही परीक्षेला बसवा, या वयात बसतो.

त्या केंद्रात येत्या एक तारखेला नवी बॅच सुरू होतेय. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही, उगाच आणखी एका चौकीत बसायची ताकद नाही. आपल्या कार्यालयातून कुणी संपर्क केला तर पत्ता देतो, सोबतही येतो. तपासणीला माणूस मात्र फोन न करता पाठवा. मागच्या वेळी आदल्या दिवशी फोन आला होता, तेव्हा माझ्याच दुकानातून दोन गिझर भाड्याने नेऊन भिंतीवर टांगले होते. भाडं अजून यायचंय.

आपला,
एक गॅस गिझर मिस्तरी
सिडको, नाशिक