फेरलढतीचा अंदाज बांधण्याआधी घड्याळ आणि ग्लोव्हज पाहा

महोदय,

माइक टायसन आणि इव्हँडर होलिफील्ड हे जुने बॉक्सर तिसऱ्यांदा भिडले तर कोण जिंकेल, हा विषय तलावपाळीच्या कट्ट्यावर निघाला की सगळे १९९६ आणि १९९७ च्या लढतींचे दाखले देतात. टायसनचा अकराव्या फेरीतला पराभव, मग त्याने घेतलेला होलिफील्डच्या कानाचा चावा. साठीच्या आसपासच्या माणसांबद्दल त्यातून काही कळत नाही. आधी विचारायला हवं, ते फेरी किती मिनिटांची आणि ग्लोव्हज किती औंसांचे.

जागतिक विजेतेपदाची पुरुषांची लढत १२ फेऱ्यांची, फेरी ३ मिनिटांची, हेवीवेटचे, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचे, ग्लोव्हज १० औंसांचे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या टायसन विरुद्ध यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉल लढतीत ८ फेऱ्या होत्या, त्याही २ मिनिटांच्या, आणि ग्लोव्हज १४ औंसांचे. म्हणजे ३६ मिनिटांऐवजी १६. जाड ग्लोव्हजमुळे हात लवकर जड होतात, पण गार्डची, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांची, ढालही मोठी होते. एवढी सवलत असूनही ५८ वर्षांच्या टायसनचे जेमतेम १८ ठोसे लागले, असं ठोसे मोजणाऱ्यांनी नोंदवलं.

कारण बॉक्सरचे आधी पाय जातात, ठोशाचा जोर सर्वांत शेवटी. टायसन बुटका हेवीवेट. गुडघ्यांत वाकून, डोकं डावी-उजवीकडे झुलवत आत शिरायचं, हाच त्याचा खेळ. गुडघे दमले की तो प्रतिस्पर्ध्याच्या जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टोकावर उभा राहतो. उलट हेवीवेट जॉर्ज फोरमनला फार हलावं लागत नसे. ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ व्या वर्षी, तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे असताना त्याने दहाव्या फेरीत मायकेल मूररला आडवं केलं. मूरर त्याच्या समोरच उभा राहिला, हेही विसरू नये!

उशिरा झालेल्या फेरलढतीचा खरा नमुना बर्नार्ड हॉपकिन्स-रॉय जोन्स. १९९३ ला जोन्स जिंकला, १७ वर्षांनी, ३ एप्रिल २०१० ला, ४५ वर्षांचा हॉपकिन्स. बारा फेऱ्या झाल्या, पण निम्मा वेळ मिठी मारण्यात गेला. जोन्सचा खेळ सगळा वेगावर, तो गेल्यावर हाती काही उरलं नाही. हॉपकिन्सकडे अंतर राखण्याची, क्लिंचची (मिठी मारून प्रतिस्पर्ध्याला अडकवण्याची) कला होती, ती वयाला पुरली. म्हणून टायसन-होलिफील्डबद्दल माझं मत विचाराल तर पहिली फेरी टायसनची, पुढे नुसती ढकलाढकल. होलिफील्ड ५८ व्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, पहिल्याच फेरीत थांबवला गेला होता, तेव्हा त्याच्यावरही फार भरवसा नको.

हे सगळं पडद्यावरचं. पण घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंतच्या जिममध्ये चाळिशीपुढची मंडळीही हौसेने स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करतात. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, कवटीपर्यंत जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या ठोशानेही रक्तस्राव होऊ शकतो. हेडगार्डने भुवई फुटणं टळतं, मेंदूचं हादरणं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्पारिंग नकोच, पंचिंग बॅगवर घाम गाळावा. बाकीच्यांनी १६ औंसांचे ग्लोव्हज, छोटी फेरी आणि डोक्याला जोरात लागलं की त्या दिवशी रिंगबाहेर, एवढं पाळावं. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली किंवा झापड येऊ लागली, तर घरी नेऊन झोपवू नये, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

— एक बॉक्सिंगप्रेमी वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)