दातांची घाई नको आप्पा, आधी शुगर बघा

गोटेनबर्ग, स्वीडन

ती. आप्पा आणि आई, सा. न.

दादानं त्या दवाखान्याचं इस्टिमेट व्हॉट्सअपवर पाठवलं. खालच्या डाव्या दोन दाढांचे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर बसवायचे दात, आणि वर ठळक लिहिलंय तीन दिवसात फिक्स दात. आप्पा, पैशाचं मी बघते, त्याची काळजी करू नका, पण ह्या तीन दिवसाच्या नादाला लागू नका. फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून विषय बदलता म्हणून हे लिहितेय.

दात बसवायचेच हे मात्र पक्कं करा. भाकरी आमटीत कुस्करून एकाच बाजूनं खाताय आणि भडंगाला हातसुद्धा लावत नाही असं आई म्हणाली, लई वाईट वाटलं. सांगलीत राहून भडंग खायचं नाही म्हणजे काय. आणि नुसत्या खाण्याचा प्रश्न नाही, दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात जास्तच, आणि वरची दाढ समोर काही नाही म्हणून हळूहळू खाली उतरते. ब्रिजचं म्हणाल तर त्याला दोन्हीकडचे दात घासून आधार घ्यावा लागतो, तुमच्या शेवटच्याच दोन दाढा गेल्यात, मागं धरायला आहे काय? काढघालीची कवळी तुम्हाला सोसली नाही. म्हणजे इम्प्लांटच बरं.

आणि माणसाच्या जबड्यात हे बसवणं मी राहते त्या गावात सुरू झालंय बघा. ब्रोनेमार्क म्हणून डॉक्टर होते, 1952 च्या सुमाराला ते लुंडला सशाच्या हाडाचा अभ्यास करत होते, त्यासाठी हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलेलं, ते काढायला गेले तर निघेचना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. मग 1965 ला इथंच त्यांनी जबड्यात जन्मापासून दोष असलेल्या लार्सन नावाच्या पेशंटच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले आणि 2006 ला लार्सन वारले तोपर्यंत ते स्क्रू टिकले. पण ब्रोनेमार्कांची पद्धत काय होती, स्क्रू घालायचा, वरून हिरडी शिवायची आणि खाली तीन-चार महिने, वरच्या जबड्यात सहा महिने त्याच्यावर जोर पडू द्यायचा नाही. हाड स्क्रूला धरायला वेळ घेतं, त्यात पैसे देऊन घाई करता येत नाही.

तीन दिवसात कुणाचंच होत नाही असं मी म्हणत नाही. हाड भक्कम असेल, स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला असेल तर काही जणांचं लवकर करतात. पण तुम्हाला शुगर आहे आणि जेवणानंतर तंबाखूची चिमूट आहे, ह्या दोन्हींनी जखम भरायला वेळ लागतो आणि स्क्रू सैल होण्याचा धोका वाढतो. माझी शेजारीण इथं दातांच्या दवाखान्यात नर्स आहे, तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, तीन महिन्याची शुगर किती आहे. ती म्हणजे एचबीए1सी, ती सातच्या आसपास आणा, आठच्या वर असेल तर थांबायचं, आणि तंबाखू आत्तापासून बंद, आप्पा, हे मी हात जोडून सांगते. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते.

पैसे भरायच्या आधी दोन ठिकाणी दाखवा, भारती विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजात एकदा जाऊन या, तिथं सगळे विभाग एका जागी आहेत. सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन केल्याशिवाय हो म्हणू नका, खालच्या जबड्यातून नस जाते, तिच्यापासून अंतर किती आणि हाड किती उरलंय हे त्यातच नीट कळतं. खर्च लिहून घ्या, स्क्रू, स्क्रूवर कॅप धरणारा वरचा जोड आणि कॅप असं वेगवेगळं, नाहीतर नुसत्या स्क्रूचा आकडा सांगतात आणि कॅपचे वेगळे निघतात. आणि स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर फाइलला चिकटवून मागा, कंपनी, साइज, लॉट नंबर सगळं त्यावर असतं. पुढं वरचा जोड सैल झाला आणि तो डॉक्टर गावात नसला तर दुसऱ्याला कुठला पाना लागेल हे त्यावरूनच कळतं.

बसवल्यावर पहिले काही दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, गार दूध, कढत काही नाही. ह्या दाताला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी सुजून आतलं हाड जाऊ शकतं, म्हणून फटीतला छोटा ब्रश रोज रात्री, आणि सहा महिन्यांनी दाखवायला जायचं.

आई, तूही दात बसवायचे म्हणत होतीस. तुला हाडं ठिसूळ म्हणून वर्षाचं इंजेक्शन देतात ना, ते दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग, त्या औषधावर कधी कधी जबड्याचं हाड भरत नाही, दात काढतानाही हे सांगावंच लागतं. आणि मिसरी सोड गं आता.

दादाला म्हणावं, शुगरचा रिपोर्ट आला की आधी मला पाठव, आणि स्कॅनला तो आप्पांबरोबर जाऊ दे, त्यांना एकट्याला पाठवू नका, तिथं गोड बोलून सही घेतील. मी शनिवारी फोन करते.

तुमची
सुजू