मलपृष्ठ कोणाला द्यायचं?

प्रिय बंड्या,

फोनवर म्हणालास सविस्तर लिही, म्हणून लिहितोय, आता वाचायचा कंटाळा करू नकोस. कुलवृत्तांताची, म्हणजे आमच्या घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकाची, दुसरी आवृत्ती काढतोय हे तुला माहितीये, आणि समितीत साठीच्या आतला मी एकटाच, त्यामुळे जाहिराती गोळा करायचं लचांड माझ्या गळ्यात. नुसत्या देणग्यांवर छपाई निघत नाही हे तुझ्यासारख्या प्रेसवाल्याला मी काय सांगणार.

सुरुवातीला बरं चाललं होतं रे. 'यांजकडून हार्दिक शुभेच्छा' वाली पाव पानं, एक सराफ, एक मंगल कार्यालय, पुतण्याची पॅथॉलॉजी लॅब. मग आले आमचे बिल्डर काका, चौथ्या शाखेतले. रंगीत पूर्ण पान, पैसे रोख, अट एकच, त्यांच्या पणजोबांच्या नोंदीत 'इनामदार' असं घालायचं. मी म्हटलं काका, सनद आहे का काही? तर म्हणे सगळ्या गावाला माहितीये! अरे 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने गावोगावच्या सनदा तपासल्या, पुण्याच्या पुराभिलेखागारात ते कागद अजून आहेत, त्यात एक ओळ दाखवा, मी माझ्या खर्चाने छापतो. काका चिडले, आणि खरं सांगू, अर्धी समिती पण माझ्यावरच चिडली.

त्यानंतर एक वंशावळ करून देणारे गृहस्थ. 2023 ला जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना जो भाव आलाय तो तू बघतोच आहेस. यांना मलपृष्ठ हवं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'हा ग्रंथ जात पडताळणीस उपयुक्त'. कशाला उपयुक्त? ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, शाळेचा दाखला, गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक. आमच्या आत्याने आठवून सांगितलेली नावं तिथे कोण धरणार? सरळ नाही म्हटलं. वधूवर सूचक मंडळवाल्यांची जाहिरात मात्र घेतली, पण त्यांना अविवाहित मुलामुलींची यादी मोबाईल नंबरसकट पाहिजे होती, ती दिली नाही. लोकांनी माहितीपत्रक भरून दिलं ते कुलवृत्तांतासाठी, स्थळं यायला नाही.

तू म्हणशील एवढं वावडं आहे तर जाहिराती बंदच कर. मी पण याच विचारात होतो, पण गेल्या महिन्यात आजोबांची जुनी प्रत काढली, पहिली आवृत्ती, पानं अशी की उलटताना कोपरा हातात येतो. त्यात दुसऱ्या शाखेत एका चुलत आजोबांपुढे एवढंच, 'मुंबईस गेले, पुढील माहिती नाही'. संपलं. आणि शेवटच्या जाहिरातींच्या पानावर, केशतेलाच्या खाली, बोटभर चौकट: घरगुती खानावळ, ठाकूरद्वार, कोकणस्थ जेवण, एकादशीस फराळाची सोय, आणि मालक म्हणून त्याच माणसाचं नाव, वडिलांच्या नावासकट! म्हणजे वंशावळ करणाऱ्याने हरवला म्हणून लिहिलं आणि जाहिरात आणणाऱ्याने त्याच्याकडून पैसे घेतले, दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. मी ठाकूरद्वारला त्या खानावळीच्या चाळीत जाऊन आलो. खानावळ कधीच बंद झालीये पण दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींना आठवत होतं, त्यांच्याकडून धागा मिळत मिळत पणतू डोंबिवलीत सापडले. पाच जण, तीन पिढ्या. त्यांनी स्वतःहून अर्ध्या पानाची जाहिरात दिली, क्लासेसची.

म्हणून आता मी जाहिरातदारांच्याच मागे लागतो. नुसत्या शुभेच्छा नकोत, दुकान कधी सुरू झालं, कुठे आहे, कोणी काढलं ते लिहा. निम्मे कंटाळतात. लॅबवाल्या पुतण्याने तर लोगोच पाठवला फक्त.

तर काम असं आहे. सगळ्या जाहिराती मिळून तेरा पानं होतायत, त्या शेवटी वेगळ्या फॉर्म्यात घ्यायच्यात, फिक्या पिवळ्या कागदावर, म्हणजे वंशावळ कुठे संपली ते आंधळ्यालाही कळेल. सोळा पानांचा फॉर्मा धरला तर तीन पानं उरतात, तिथे लेकींच्या सासरच्या आडनावांची सूची जाईल, जुन्या आवृत्तीत त्यांचं सासर लिहिलंच नव्हतं. पिवळ्या कागदाचा रेट आणि बाइंडिंगला जास्तीचे किती ते कळव. आणि बिल्डर काका तुझ्याकडे परस्पर मॅटर घेऊन आले तर माझ्या सहीशिवाय डीटीपीला देऊ नकोस, ते येणार आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या