टॉमी जॉन यांस, डाव्या कोपराबद्दल

प्रिय टॉमी जॉन यांस,

स. न. वि. वि.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या, कोपरातलं तुटलेलं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) नव्याने बसवण्याच्या शस्त्रक्रियेला तुमचं नाव असलं तरी आभार बहुतेक ती तुमच्यावर पहिल्यांदा करणाऱ्या डॉ. फ्रँक जोब यांचे मानले जातात. ते रास्तच आहे. पण ऑपरेशन काही तासांत उरकतं; कोपर पुन्हा फेकायला तयार होतं ते पुढच्या वर्ष-दीड वर्षात. तो काळ तुम्ही काढलात, तोही आधी कुणी या वाटेने गेलेलं नसताना. म्हणून मुलांना बेसबॉल शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचं हे पत्र तुम्हाला.

17 जुलै 1974 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध खेळताना तुमच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं. त्या मोसमात तोवर पिचर म्हणून तुमच्या नावावर 13 विजय आणि 3 पराभव होते. पिचरचं हे लिगामेंट गेलं की कारकीर्द संपली, असाच तेव्हाचा हिशोब. फेकीत हात पूर्ण मागे जाऊन पुढे झेपावतो, त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकू पाहते. हा ताण साधारण 64 न्यूटन-मीटर भरतो, आणि एकटं लिगामेंट प्रयोगशाळेत त्याच्या निम्म्यातच तुटतं. बाकीचा भार कोपराखालचे स्नायू पेलतात. ते दमले की सगळं लिगामेंटवर येतं, म्हणून दमलेल्या हाताने टाकलेले शेवटचे चेंडू सर्वांत महागात पडतात.

25 सप्टेंबरला जोब यांनी तुमच्या उजव्या हातातलं पाल्मॅरिस लाँगस हे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढलं आणि डाव्या कोपराच्या वरच्या-खालच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवलं. यशाची शक्यता सांगितली होती शंभरात एक. हे टेंडन ज्याला पाहायचंय त्याने अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवावं. मधोमध दोरीसारखं उभं राहतं. काहींना ते नसतंच, आणि नसल्याने फारसं अडतही नाही. म्हणून तर ते काढून घेता येतं. नसेल तर मांडीतलं घेतात.

मग कोपरातल्या नसेने त्रास दिला, बोटं आखडली, डिसेंबरमध्ये पुन्हा ऑपरेशन झालं. 1975चा अख्खा मोसम गेला. घात होतो तो याच टप्प्यावर: दुखणं लवकर थांबतं, पण टेंडन नव्या जागी रुजून लिगामेंटचं काम करू लागायला कितीतरी महिने जातात. आज साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात 45 फुटांवरून हलकी फेक सुरू करतात, मग 60, 90, 120 फूट. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आठव्या-नवव्या महिन्यानंतर, सामना 12 ते 18 महिन्यांनी. तुमच्यापुढे असा कुठलाही तक्ता नव्हता.

1976मध्ये परतलात आणि 207 इनिंग (एका सामन्यात नऊ असतात) टाकल्या. 20 किंवा त्याहून जास्त विजयांचे तुमचे तिन्ही मोसम (1977, 1979, 1980) ऑपरेशननंतरचे. एकूण 288 विजयांपैकी 164 दुरुस्त केलेल्या हाताचे, आणि खेळलात 1989पर्यंत. तरी बेसबॉलच्या थोर खेळाडूंची नोंद ठेवणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या समितीने डिसेंबर 2024मध्येही तुम्हाला निवडलं नाही, हे आम्हाला पटत नाही.

या आकड्यांचा एक उलटा अर्थ मात्र पसरलाय: ऑपरेशनने वेग वाढतो म्हणे! काही पालक तर धडधाकट कोपरावरच ते करून घ्यायचं का, असं विचारतात. वेग वाढलाच तर त्या वर्षभरातल्या पाय, कंबर आणि खांद्याच्या व्यायामाने. तुमचं हत्यार तर सिंकर होतं; खाली बुडणारा चेंडू, जमिनीवरून सरपटत जाणारे फटके, आणि क्षेत्ररक्षकांवर भरवसा.

असा प्रश्न आला की आम्ही तुमचं उदाहरण देतो आणि अमेरिकेतली वयानुसार चेंडूंची मर्यादा दाखवतो: 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू, 13-14ला 95, आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस माउंड बंद. मोजायची वही आम्ही पिचरच्या नव्हे, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या आईबाबांकडे देतो. ते आकडा कमी करून सांगत नाहीत.

आपले,
बेसबॉल शिकवणारे काही मराठी प्रशिक्षक